'पॅराडॉक्स' लिहिण्याआधी: विरोधाभास, विसंगती आणि तफावत यांतला गोंधळ टाळायचे आठ टप्पे

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी गोदामाच्या अहवालात इंग्रजीत लिहिलं होतं की आपल्या दोन रजिस्टरांमध्ये पॅराडॉक्स आहे. आवक-जावकच्या वहीत ४१२ पोती होती, प्रत्यक्ष मोजणीत ३९७ भरली. साहेबांनी कागद परत पाठवला. समासात मराठीत एकच ओळ होती: 'तत्त्वज्ञान नको, पंधरा पोती कुठे आहेत ते सांगा.'

चूक कशी झाली ते सांगतो, कारण त्याच वाटेने आजही पुष्कळ जण जातात. मला म्हणायचं होतं 'तफावत'. ते जरा साधं वाटलं, म्हणून मनात 'विरोधाभास' घेतला. त्याला शब्दकोशात 'पॅराडॉक्स' सापडला आणि तो चिकटवून टाकला. आपली वर्तमानपत्रं 'साक्षीदाराच्या जबाबात विरोधाभास', 'दोन मंत्र्यांच्या विधानांत विरोधाभास' असं सर्रास छापतात. तिथे विरोधाभास म्हणजे साधी विसंगती असते. मराठीत ते खपून जातं. तोच शब्द शब्दकोशाच्या पुलावरून इंग्रजीत नेला की वाक्य फसतं, कारण तिथे पॅराडॉक्स म्हणजे सहसा वरवर न जुळणाऱ्या, तरी दोन्ही खऱ्या असलेल्या गोष्टी.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी आपल्या हातात नेमकं काय आहे ते ठरवायचं, मग शब्द निवडायचा आणि सगळ्यात शेवटी व्याकरण बघायचं. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

तयारी

एक कागद घ्या. इंग्रजीत जे लिहायचंय ते आधी मराठीत लिहा, पण 'विरोधाभास' हा शब्द अजिबात न वापरता. त्या शब्दावाचून वाक्य जमत नसेल, तर काय म्हणायचंय ते अजून ठरलेलं नाही असं समजा.

इंग्रजी-मराठी शब्दकोश तूर्त मिटून ठेवा. शेवटी लागेल तो इंग्रजी-इंग्रजी, आणि तोही अर्थासाठी कमी, वाक्यातली जागा बघण्यासाठी जास्त.

१. दोन टोकं वेगळी काढा

पॅराडॉक्सला दोन टोकं लागतात. ती कागदावर एकाखाली एक लिहा. उदाहरण म्हणून ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका घेऊ.

टोक अ: मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत.
टोक ब: याच तालुक्यातले कित्येक गावपाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात.

आपल्याकडे याला तयार म्हण आहे: धरण उशाला, कोरड घशाला.

आता मध्ये 'आणि तरीही' घालून दोन्ही ओळी सलग वाचा. वाक्य सरळ लागलं तर पुढे चला.

*सावधान:* 'आजचं शिक्षण हा एक मोठा पॅराडॉक्स आहे' अशा वाक्याला टोकंच नसतात. निबंधात ते भारदस्त वाटतं, पण वाचणारा विचारतो, कशाचा कशाशी? त्याचं उत्तर पुढच्याच वाक्यात देणार नसाल तर ते खोडा.

२. दोन्ही टोकं खरी आहेत का?

निम्म्याहून जास्त वाक्यं याच चाळणीत अडकतात.

साक्षीदार आधी म्हणाला, 'आठ वाजता मी घरी होतो.' नंतर म्हणाला, 'आठ वाजता मी एसटी स्टँडवर होतो.' दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. एक कापलं की दुसरं उरतं. याला इंग्रजीत 'कॉन्ट्रडिक्शन' म्हणतात. माझी पोती म्हणजे 'डिस्क्रेपन्सी', आपली तफावत, कारण दोन आकड्यांपैकी निदान एक चुकलेला होता.

पॅराडॉक्समध्ये कुठलंही टोक कापता येत नाही. धरणंही तिथेच आहेत, टँकरही तिथेच येतात.

*तपासा:* 'यातलं एक खोटं निघालं तर प्रश्न मिटेल का?' मिटत असेल तर पॅराडॉक्स नाही.

३. दोन्ही टोकं एकाच गोष्टीची आहेत का?

'मुंबईत गगनचुंबी इमारती, गडचिरोलीत रस्ता नाही.' दोन्ही खरं, पण ठिकाणं दोन. हा 'कॉन्ट्रास्ट', म्हणजे नुसता फरक. 'तो लहानपणी अबोल होता, आता थांबता थांबत नाही' यात काळ दोन आहेत, म्हणून तो बदल झाला. माणूस, जागा, काळ, अर्थ यांपैकी काही गुपचूप बदललंय का ते बघा. अर्थ बदलणं पकडायला सर्वांत अवघड, त्याकडे परीक्षेच्या टप्प्यात परत येऊ.

४. 'कसं काय?' याचं उत्तर लिहा

इथे घाई करू नका. सगळा निकाल याच टप्प्यावर लागतो.

दोन टोकांखाली आता तिसरी ओळ लिहायची: दोन्ही एकदम खरं असू शकतं ते कसं? शहापूरच्या बाबतीत ती साधारण अशी होईल: धरणांतलं पाणी मुख्यतः शहरासाठी राखलेलं आहे, जलवाहिन्या थेट शहराकडे जातात, आणि उतारावर विखुरलेल्या पाड्यांपर्यंत पाणी चढवायला वेगळी योजना लागते. ही ओळ लिहिल्यावर परिस्थिती न्याय्य वाटू लागते असं नाही. कोडं तेवढं सुटतं. विरोध वरवरचा होता, तळाशी कारण होतं. आपल्या शब्दातला 'आभास' तो हाच, आणि वर्तमानपत्री वापरात नेमका तोच गळून पडलाय.

या ओळीवरूनच ढोंगही ओळखू येतं. एक पुढारी व्यासपीठावर व्यसनमुक्तीचं भाषण ठोकतो आणि गाडीत बसल्याबरोबर गुटख्याची पुडी फोडतो. टोकं दोन, दोन्ही खरी, माणूस एकच. मग पॅराडॉक्स? 'कसं काय?' विचारा. उत्तर येतं, 'ढोंगी आहे, दुसरं काय!' यात उलगडायचं काही उरलंच नाही. शब्द 'हिपॉक्रसी'.

तिसरी ओळ नीट कशी लिहायची, ते अर्थशास्त्रातल्या प्रसिद्ध 'पॅराडॉक्स ऑफ व्हॅल्यू'वरून शिका. पाण्यावाचून माणूस जगत नाही, तरी ते स्वस्त. हिऱ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, तरी तो महाग. ॲडम स्मिथने १७७६ साली ही जोडी मांडली. तिसरी ओळ नीट यायला जवळपास शंभर वर्षं गेली. किंमत ठरते ती वस्तूच्या एकूण उपयोगावरून नाही, हाताशी असलेल्या साठ्यात आणखी एक नग आला तर त्याचा किती उपयोग, यावरून. घरात भरलेल्या वीस कळशा असताना एकविसावीला काय भाव? वाळवंटात पहिल्याच कळशीसाठी माणूस अंगठी काढून देईल. बघा, टोकं दोन्ही जागच्या जागी आहेत, फक्त 'उपयोग' या शब्दाचे दोन अर्थ सुटे झाले.

दोन प्रकार या साच्यात सरळ बसत नाहीत. ते माहीत असू द्या, नाहीतर चांगला वापरही चुकीचा ठरवून बसाल.

पहिल्या प्रकारात एक टोक बाहेर असतं आणि दुसरं आपल्या डोक्यात. 'बर्थडे पॅराडॉक्स' घ्या. खोलीत २३ माणसं असली की कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या थोडी वर जाते. गणितात कुठेही विरोध नाही. विरोध आहे तो '३६५ दिवस आणि माणसं जेमतेम तेवीस' या आपल्या अंदाजाशी. अंदाज चुकतो कारण आपण नकळत स्वतःच्या वाढदिवसाशी तुलना करतो, तेव्हा जोड्या होतात २२. प्रत्यक्षात कुणाचीही कुणाशी जोडी चालते आणि तशा जोड्या होतात २५३. रूढ समजुतीला छेद देणारं विधान, हा अर्थ या शब्दाच्या ग्रीक मुळातच आहे, त्यामुळे असा वापर अगदी रास्त.

दुसऱ्या प्रकारात तिसरी ओळ सहजासहजी हाती लागतच नाही. 'हे वाक्य खोटं आहे.' खरं माना, तर ते म्हणतं त्याप्रमाणे खोटं ठरतं. खोटं माना, तर ते म्हणतं ते बरोबर, म्हणजे खरं ठरतं. तर्कशास्त्रात पॅराडॉक्स म्हणजे मुख्यतः असली गाठ. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलला १९०१ साली संचांच्या गणितात अशीच एक गाठ सापडली आणि गणिताचा पाया पुन्हा तपासायची वेळ आली. रोजच्या लिखाणात मात्र या अर्थाशी गाठ क्वचितच पडते. (भिंतीवर रंगाने रंगवलेलं 'भिंतीवर काही लिहू नये' याच घराण्यातलं वाटतं. पण ती सूचना आहे, खरं-खोटं ठरवायचं विधान नाही, त्यामुळे गंमत म्हणून सोडून द्यायची.)

*तपासा:* तिसरी ओळ 'माहीत नाही' अशी आली तर तुम्ही पॅराडॉक्स मांडताय की नुसती तक्रार करताय, ते स्वतःला विचारा.

५. शेजारचे शब्द एकदा पारखून घ्या

आता शब्दाकडे. पुढच्यांपैकी एखादा जास्त चपखल बसत असेल तर पॅराडॉक्सचा हट्ट सोडा.

'आयरनी' सर्वांत जवळचा, आणि सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. अग्निशमन केंद्रालाच आग लागली, ही आयरनी. यात उलगडण्यासारखं काही नाही, आग कुठेही लागते. नशिबाने अपेक्षेला वाकुल्या दाखवल्या एवढंच. मी वापरतो ती खूण सांगतो: ऐकणाऱ्याच्या तोंडून 'काय हे!' निघालं तर आयरनी, 'असं कसं?' निघालं तर पॅराडॉक्स. शहापूरचं उदाहरण दोन्हीकडे जाऊ शकतं. कारणं मांडणारा अहवाल लिहीत असाल तर पॅराडॉक्स म्हणा. हळहळ व्यक्त करायची असेल तर आयरनी. आणि अन्याय म्हणायचा असेल तर सरळ 'इनजस्टिस' लिहा, अवघड शब्दामागे लपू नका.

'ऑक्सिमोरॉन' म्हणजे दोन विरोधी शब्द एकमेकांना चिकटलेले: 'ओपन सीक्रेट', आपलं उघड गुपित. पॅराडॉक्सला सहसा अख्खं विधान लागतं, ऑक्सिमोरॉन दोन-तीन शब्दांत उरकतो.

'डिलेमा' म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. त्यात निवड करायची असते, पॅराडॉक्समध्ये नसते.

'कॅच-ट्वेंटीटू'साठी आपल्याकडे फर्मास वाक्य आहे: वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हेही तेच. अटच स्वतःच्या शेपटीत अडकलेली.

'ॲनॉमली' म्हणजे ओळीत न बसणारी एखादीच नोंद. जूनमधलं एकच वीजबिल चौपट आलं, ती ॲनॉमली.

६. शब्द ठरला, आता तो वाक्यात बसवा

उच्चार: आपण 'पॅराडॉक्स' असा 'रा' लांबवतो. इंग्रजीत जोर 'पॅ'वर येतो आणि 'र' जेमतेम ऐकू येतो: पॅ-र-डॉक्स. विशेषण 'पॅराडॉक्सिकल' झालं की जोर सरकून 'डॉक'वर जातो. मुलाखतीत हे लगेच कानाला लागतं.

हे नाम बहुधा मोजता येणारं आहे. म्हणून एकवचनात त्याच्या आधी 'अ' किंवा 'द' हवा आणि अनेकवचन 'पॅराडॉक्सेस'. साहित्यसमीक्षेत 'फुल ऑफ पॅराडॉक्स' असं 'अ' न लावता येतं, पण कार्यालयीन पत्रात त्याची नक्कल नको.

तीन साचे पाठ करा, बाकी आपोआप जमतं.

पहिला: 'इट इज अ पॅराडॉक्स दॅट', आणि पुढे दोन्ही टोकं असलेलं वाक्य.
दुसरा: 'द पॅराडॉक्स ऑफ', आणि पुढे नाम. 'द पॅराडॉक्स ऑफ व्हॅल्यू' याच साच्यातला.
तिसरा: 'पॅराडॉक्सिकली', मग स्वल्पविराम, मग वाक्य.

*सावधान:* 'पॅराडॉक्स बिटवीन' लेखणीतून उतरू लागलं की थांबा. मनात बहुधा 'कॉन्ट्रडिक्शन बिटवीन' किंवा 'डिस्क्रेपन्सी बिटवीन' असतं. माझ्या पोत्यांच्या अहवालात हेच 'बिटवीन' होतं.

तिसऱ्या साच्याचा फार दुरुपयोग होतो. 'पॅराडॉक्सिकली' म्हणजे 'पण' नव्हे, 'आश्चर्य म्हणजे'ही नव्हे. आधीच्या वाक्यावरून जे व्हायला हवं त्याच्या उलट झालं असेल तरच तो लावायचा. 'मी रिक्षाने निघालो. पॅराडॉक्सिकली, पाऊस आला' यात पावसाचा रिक्षाशी संबंध काय?

वैद्यकात हे विशेषण अगदी काटेकोर वापरतात, तिथून शिकण्यासारखं आहे. ॲलर्जीवरच्या काही जुन्या गोळ्यांनी झोप येते, पण एखादं मूल त्याच गोळीने उलट चेकाळतं. ती 'पॅराडॉक्सिकल रिॲक्शन'. कडाक्याच्या थंडीत गारठून मरणारा माणूस कधीकधी अंगावरचे कपडे काढून टाकतो, त्याला 'पॅराडॉक्सिकल अनड्रेसिंग' म्हणतात. आकसलेल्या रक्तवाहिन्या अखेरीस सैल पडतात आणि खूप उकडतंय असा भास होतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. उलट परिणाम आणि त्यामागचं कारण, दोन्ही आहेत. नुसतंच विचित्र असतं तर डॉक्टरांनी हे विशेषण लावलं नसतं.

क्रियापद म्हणून हा शब्द वापरत नाहीत. कोडं उलगडलं म्हणायचं तर 'रिझॉल्व्ह' सर्वांत सहज बसतं, आणि मांडलं म्हणायचं तर 'प्रेझेंट' किंवा 'पोझ'.

७. परीक्षेत अलंकार म्हणून आला तर

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी हा टप्पा. कवितेची ओळ देऊन अलंकार ओळखायला सांगतात आणि स्पष्टीकरण मागतात. मुलं नाव बरोबर लिहितात आणि स्पष्टीकरणात 'कारण इथे विरोधी शब्द आहेत' म्हणून मोकळी होतात. विरोधी शब्द ऑक्सिमोरॉनमध्येही असतात, 'अँटिथिसिस'मध्येही असतात. अँटिथिसिसमध्ये ते तराजूच्या दोन पारड्यांसारखे समोरासमोर ठेवलेले असतात, त्यांची टक्कर होत नाही. विरोधी शब्द दिसले म्हणून लगेच पॅराडॉक्स लिहू नका, ओळीचा सरळ अर्थ अशक्य वाटतो का ते बघा.

इंग्रज कवी वर्ड्सवर्थची १८०२ मधली ओळ घ्या: 'द चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन.' उत्तर तीन तुकड्यांत लिहा.

पहिला, वरवर काय अशक्य दिसतं: मूल माणसाचा बाप कसं असेल?
दुसरा, कुठला शब्द सरळ अर्थ सोडतो: 'फादर' म्हणजे इथे जन्मदाता नाही, घडवणारा.
तिसरा, मग काय खरं ठरतं: लहानपणी जे मनात रुजतं त्यातूनच पुढचा मोठा माणूस घडतो.

तिसऱ्या टप्प्यात अर्थ बदलण्याबद्दल म्हटलं होतं ते हेच. गद्य अहवालात शब्दाचा अर्थ मध्येच बदलला तर ती चलाखी ठरते. कवितेत अलंकार त्यावरच उभा असतो, म्हणून तिथे बदललेला अर्थ उघड करून दाखवायचा. दुसरा तुकडा गाळलात की उत्तर नुसता कवितेचा सारांश होऊन बसतं.

मराठीच्या पेपरातला विरोधाभास अलंकारही असाच सोडवतात. 'सर्वच लोक बोलू लागले म्हणजे कोणीच ऐकत नाही' या पाठ्यपुस्तकी उदाहरणावर हे तीन तुकडे करून बघा.

८. हात बसण्यासाठी

पुढच्या वाक्यांत पॅराडॉक्स बसतो का? आधी उत्तरं झाकून स्वतः ठरवा.

अ) तुमच्या बिलात आणि पावतीत ४० रुपयांचा फरक आहे.
आ) पोहायला शिकवणारे गुरुजी गुडघाभर पाण्यात बुडाले.
इ) घरातले सगळेच एकदम काटकसर करू लागले तर बरंच, पण देशातले सगळेच एकदम करू लागले तर देशाची एकूण बचत कमी होऊ शकते.
ई) शहरात नवा जोडरस्ता उघडला आणि सगळ्यांचाच प्रवास लांबला.

'अ' डिस्क्रेपन्सी. दुसऱ्या टप्प्यातच गळते.

'आ' आयरनी. 'गुडघाभर पाण्यात कसे?' हा प्रश्न उरतो, पण तो पोलिसांनी विचारायचा.

'इ' पॅराडॉक्स, आणि त्याला नावही आहे: 'पॅराडॉक्स ऑफ थ्रिफ्ट'. तिसरी ओळ अशी की एकाचा खर्च हे दुसऱ्याचं उत्पन्न असतं. सगळ्यांनी हात आखडला की सगळ्यांचं उत्पन्न आटतं, मग बचत करायची कशातून? घर आणि देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असा आक्षेप तिसऱ्या टप्प्यावरून कुणी घेईल. घेऊ द्या. टक्कर 'बचत केली की बचत वाढते' या समजुतीशी आहे.

'ई' वाचून बहुतेक जण आयरनी लिहितात, कारण तोंडून 'काय हे!' निघतं. पण 'असं कसं?' विचारून बघा. डीट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ साली त्याचं गणित मांडलं, म्हणून याला 'ब्रेस पॅराडॉक्स' म्हणतात. नवा रस्ता प्रत्येकाला आपापल्यापुरता जवळचा वाटतो, म्हणून सगळे तिकडे वळतात. त्या रस्त्याला जोडणारे जुने अरुंद तुकडे तुंबतात आणि आधी दोन वाटांवर विभागलेली गर्दी एकाच ठिकाणी येऊन उभी राहते. एकट्याने पुन्हा जुनी वाट धरली तर त्याला आणखीच उशीर होतो, म्हणून कुणी मागे फिरत नाही.